मुंबईच्या उपनगरांतील माहिती तंत्रज्ञान उद्योग आणि लिंगभाव

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी, गोरेगाव, मालाड, पवई आणि विक्रोळी या भागांत, १९७० च्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर आणि दूरध्वनीवरील ग्राहकसेवा हे उद्योग वाढत गेले. बोरीवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे प्रामुख्याने या उद्योगांतील कर्मचाऱ्यांची निवासस्थाने राहिली आहेत. या कार्यस्थळी स्त्रियांना मिळणारे स्थान, त्यांच्या कामाला दिले जाणारे मूल्य आणि त्यामागील लिंगभाव, जात, वर्ग व भाषा यांचे संबंध हा समाजशास्त्र, कामगार अभ्यास आणि स्त्री-अभ्यास या विषयांतील अभ्यासाचा भाग आहे. कोणते काम 'कुशल' समजायचे, कोणते 'तांत्रिक' आणि कोणते 'सहाय्यक', ही वर्गवारी कोण करते आणि तिचा वेतन व पदोन्नतीवर काय परिणाम होतो, हा या विषयाचा गाभा आहे.

## संकल्पना

एखाद्या कामाचे मूल्य केवळ त्याच्या अवघडपणावरून ठरत नाही. ते काम कोण करते यावरूनही ठरते, असे लिंगभावाच्या अभ्यासकांचे मत आहे. समाजशास्त्रज्ञ जोन ॲकर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार संघटनेतील 'पद' ही वरकरणी तटस्थ दिसणारी कल्पना प्रत्यक्षात घरच्या जबाबदाऱ्यांपासून मुक्त असलेला पुरुष कर्मचारी गृहीत धरून रचलेली असते. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले, की एखाद्या गटात स्त्रियांची संख्या अगदी कमी असेल, तर त्यांच्याकडे व्यक्ती म्हणून न पाहता साऱ्या स्त्रियांच्या प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते. त्यामुळे त्यांच्या चुका अधिक ठळकपणे नजरेत भरतात.

आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली. समोरच्या ग्राहकाला विशिष्ट भावना यावी म्हणून स्वतःच्या भावना आवरणे किंवा मुद्दाम व्यक्त करणे हाही श्रमच आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॉल सेंटरमधील कामाच्या चर्चेत या संकल्पनेचा वारंवार आधार घेतला जातो.

संगणकाच्या इतिहासातही असे बदल घडलेले दिसतात. १९४६ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या एनियाक या संगणकाची आज्ञावली तयार करणाऱ्या मुख्य गटात सहा स्त्रिया होत्या. त्या काळी आज्ञावली लिहिणे हे यंत्र बांधण्यापेक्षा दुय्यम मानले जाई. इतिहासकार मार हिक्स यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ब्रिटनमधील सरकारी संगणन खात्यांचा अभ्यास केला आहे. जे काम स्त्रिया कारकुनी स्वरूपाचे म्हणून करीत होत्या, त्याचे महत्त्व वाढताच ते व्यवस्थापकीय ठरवून पुरुषांकडे सोपवले गेले, असे त्यांनी दाखवले. काम तेच राहून त्याची प्रतिष्ठा बदलण्याची ही प्रक्रिया समजून घेण्यासाठी मुंबईतील उदाहरणेही उपयोगी पडतात.

## इतिहास

### सीप्झ आणि जुळणीचे काम

अंधेरी (पूर्व) येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, स्थापन झाले. केवळ इलेक्ट्रॉनिक्स मालाच्या निर्यातीसाठी राखून ठेवलेले हे क्षेत्र होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे रत्ने व दागिन्यांच्या उद्योगालाही परवानगी मिळाली आणि २००० मध्ये त्याचे विशेष आर्थिक क्षेत्रात रूपांतर झाले.

सीप्झमधील सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत सुटे भाग जोडणे, डाग देणे, तपासणी करणे या कामांवर मोठ्या संख्येने तरुण स्त्रिया नेमल्या जात. जगभरातील निर्यात क्षेत्रांत हाच प्रकार दिसत होता. स्त्रियांची बोटे नाजूक आणि चपळ असतात, त्या चिकाटीने एका जागी बसून काम करतात, अशी कारणे मालकवर्गाकडून दिली जात. डायॅन एल्सन आणि रूथ पिअर्सन यांनी १९८१ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात या युक्तिवादाची चिकित्सा केली. मुलींना घरी शिवणकाम, विणकाम आणि तत्सम कामांतून हे कौशल्य वर्षानुवर्षे शिकवलेले असते. मात्र हे शिक्षण कारखान्यात वा शाळेत न मिळता घरात मिळालेले असल्यामुळे ते 'प्रशिक्षण' म्हणून मोजले जात नाही. ते 'निसर्गदत्त' ठरते आणि काम 'अकुशल' श्रेणीत टाकून कमी मजुरी देता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

### सॉफ्टवेअर उद्योगाची सुरुवात

मुंबईतील संगणनाची परंपरा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून सुरू होते. तेथे देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. बरोज या अमेरिकी संगणक कंपनीशी टाटा समूहाने केलेले सहकार्य आणि सीप्झमधून होणारी सॉफ्टवेअरची निर्यात यांतून भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया घातला गेला. पुढे पटणी कम्प्युटर सिस्टिम्स, मास्टेक आदी कंपन्यांचीही कार्यालये याच परिसरात आली.

अशा रीतीने सीप्झच्या एकाच आवारात दोन प्रकारची कार्यस्थळे शेजारी शेजारी उभी राहिली. एकीकडे जुळणी विभागातील मजूर स्त्रिया आणि दुसरीकडे अभियांत्रिकीचे पदवीधर असलेले, प्रामुख्याने पुरुष, सॉफ्टवेअर कर्मचारी. दोन्ही कामांत एकाग्रता, अचूकता आणि दीर्घकाळ बैठक आवश्यक होती. तरीही पहिल्या कामातील हे गुण स्वभावाचे मानले गेले आणि दुसऱ्या कामातील बुद्धीचे.

### टेल्कोची जाहिरात

तांत्रिक नोकऱ्यांतून स्त्रियांना उघडपणे वगळण्याचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७४ मधील आहे. टेल्को या वाहन उत्पादक कंपनीने अभियंत्यांच्या भरतीसाठी दिलेल्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी अट होती. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत शिकत असलेल्या सुधा कुलकर्णी (पुढे सुधा मूर्ती) यांनी याविरुद्ध थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठवले. त्यानंतर त्यांना पुण्यात मुलाखतीसाठी बोलावण्यात आले आणि त्या टेल्कोतील पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या.

सुधा मूर्ती यांच्याशी संबंधित दुसरी घटनाही या विषयाच्या चर्चेत उद्धृत केली जाते. पटणी कम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन केली. एन. आर. नारायण मूर्ती यांना यासाठी लागलेले १०,००० रुपये सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले होते. मात्र पती-पत्नी दोघांनी एकाच कंपनीत काम करू नये, या नारायण मूर्ती यांच्या भूमिकेमुळे तांत्रिक पात्रता असूनही त्या कंपनीबाहेर राहिल्या. संस्थापक म्हणून नोंद झालेले सातही जण पुरुष होते. ही भूमिका चुकीची होती, असे नारायण मूर्ती यांनी पुढे २०२४ मध्ये एका मुलाखतीत जाहीरपणे मान्य केले.

### कॉल सेंटर आणि बीपीओ

२००० नंतर मालाडचे माइंडस्पेस संकुल, गोरेगाव, पवई, विक्रोळी येथे परदेशी ग्राहकांसाठी चालवली जाणारी कॉल सेंटर आणि बीपीओ कार्यालये वेगाने वाढली. अमेरिका व युरोपातील वेळेनुसार चालणारी रात्रपाळी, इंग्रजी संभाषणाची अट आणि अभियांत्रिकी पदवीची गरज नसणे यांमुळे कला व वाणिज्य शाखेच्या पदवीधर तरुणींसाठी नोकरीची नवी वाट खुली झाली.

रीना पटेल यांनी मुंबई, बंगळूर आणि अहमदाबाद येथे केलेल्या क्षेत्रकार्यावर आधारित ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध केला. रात्रपाळीमुळे स्त्रियांच्या हाती पैसा आला व त्यांचा वावर वाढला. पण रात्री घराबाहेर असणाऱ्या स्त्रीच्या चारित्र्याविषयी शंका घेण्याची वृत्ती त्यामुळे नाहीशी झाली नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. कंपनीची गाडी दारात येऊन घेऊन जाते हीच गोष्ट कुटुंबाला सुरक्षिततेची हमी वाटते आणि शेजाऱ्यांना कुजबुजीचा विषय मिळतो, असे हे दुहेरी चित्र आहे.

## प्रवास आणि रात्रपाळी

उपनगरांतील स्त्रियांच्या नोकरीचा विचार लोकल गाडीखेरीज करता येत नाही. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरीवली या स्थानकांदरम्यान केवळ महिलांसाठी असलेली लोकल सुरू केली. संपूर्ण गाडी महिलांसाठी राखून ठेवण्याचा हा उपक्रम पुढे विरारपर्यंत वाढवण्यात आला. चर्चगेटपासून सुमारे ३४ किलोमीटरवर असलेल्या बोरीवलीसारख्या उपनगरातून रोज कामाला जाणे त्यामुळे काही प्रमाणात सुकर झाले. तथापि या सोयीचे वेळापत्रक दिवसा चालणाऱ्या कार्यालयांना धरून आखलेले होते. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना कंपनीच्या वाहनावर अवलंबून राहावे लागे.

२००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीसाठी कंपनीने ठरवलेल्या गाडीतून निघालेल्या बीपीओ कर्मचारी तरुणीचा चालक व त्याच्या साथीदाराने बलात्कार करून खून केला. या घटनेनंतर कंपन्यांच्या वाहनव्यवस्थेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. स्त्री कर्मचारी शेवटची उतरणार असेल तर सोबत सुरक्षारक्षक असावा, चालकांची पोलीस पडताळणी व्हावी, यांसारखे नियम त्यानंतर अधिक काटेकोर झाले.

बोरीवलीतून जाणारी मेट्रो २अ आणि मेट्रो ७ या मार्गिकांचा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्या अंधेरीपर्यंत पूर्ण झाल्या. यामुळे उत्तरेकडील उपनगरे मालाड, गोरेगाव व अंधेरीतील कार्यालयांशी थेट जोडली गेली.

## कामाचे मूल्यमापन

सॉफ्टवेअर सेवा कंपन्यांत कर्मचाऱ्याचे मूल्य बहुधा ग्राहकाला आकारता येणाऱ्या तासांवर, परदेशातील नेमणुकीवर आणि वार्षिक मूल्यांकनातील श्रेणीवर ठरते. या पद्धतीत काही कामे सहज मोजली जातात, तर काही नजरेआड होतात. नव्या कर्मचाऱ्याला काम शिकवणे, दस्तऐवज अद्ययावत ठेवणे, बैठकीचे टिपण करणे, दोन गटांतील मतभेद मिटवणे, ग्राहकाची तक्रार शांतपणे ऐकून घेणे या गोष्टींवाचून प्रकल्प पूर्ण होत नाही; परंतु त्यांची नोंद मूल्यांकनात क्वचितच होते.

लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाधिष्ठित संशोधनात असे आढळले, की पदोन्नतीला उपयोगी न पडणारी कामे करण्यासाठी स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा पुढे येतात, त्यांना अधिक वेळा विचारले जाते आणि विचारल्यावर त्या अधिक वेळा होकार देतात. केवळ पुरुष असलेल्या गटात हेच काम पुरुषही करतात. त्यामुळे हा स्वभावाचा नव्हे, तर अपेक्षेचा परिणाम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील एक अभ्यासही २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गिटहब या मंचावर स्त्रियांनी पाठवलेले बदल स्वीकारले जाण्याचे प्रमाण एकंदरीत पुरुषांपेक्षा अधिक होते. मात्र प्रकल्पाला अपरिचित असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत, पाठवणारी व्यक्ती स्त्री आहे हे ओळखू येताच तिचे बदल स्वीकारण्याचे प्रमाण घटत असल्याचे दिसले.

परदेशी नेमणूक हा मूल्यमापनाचा आणखी एक कळीचा मुद्दा आहे. सेवा कंपन्यांत ग्राहकाच्या देशात काही महिने वा वर्षे काम केल्याने वेतन, अनुभव आणि ओळखी वाढतात. अल्प सूचनेवर परदेशी जाण्याची तयारी ही 'निष्ठेची' खूण समजली जाते. विवाह, बाळंतपण किंवा मुलांच्या शाळेमुळे ही तयारी दाखवता न येणाऱ्या स्त्रिया त्या शर्यतीत मागे पडतात.

## घरातील श्रम

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात. विनावेतन घरकामात सहभागी होणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत सुमारे ८१ टक्के, तर पुरुषांत २६ टक्के होते.

२०२० मधील टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा प्रवासाचा वेळ वाचला. परंतु घरकाम आणि कार्यालयीन काम यांची सीमारेषा पुसट झाली. मुंबईच्या उपनगरांतील एक-दोन खोल्यांच्या सदनिकांत स्वतंत्र जागेचा प्रश्न त्यात भर घालत होता. तरीही अनेक स्त्रियांना नोकरी टिकवण्यासाठी ही पद्धत सोयीची ठरली. टीसीएसने २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात नमूद केले, की एरवी पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असणारे स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण त्या वर्षी पुरुषांपेक्षा अधिक झाले. घरून काम करण्याच्या काळात काही स्त्रियांच्या घरांतील व्यवस्था बदलली असावी, असे त्यामागील संभाव्य कारण कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी दिले. कंपनीच्या ६ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी त्या वेळी सुमारे ३५ टक्के स्त्रिया होत्या.

## जात, वर्ग आणि भाषा

'स्त्री कर्मचारी' हा एकजिनसी गट नाही. समाजशास्त्रज्ञ कॅरल उपाध्य यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले, की माहिती तंत्रज्ञान उद्योग केवळ गुणवत्तेवर निवड करीत असल्याचे सांगत असला, तरी प्रत्यक्षात त्यातील कर्मचारी मोठ्या प्रमाणात शहरी, मध्यमवर्गीय आणि उच्च जातींतील असतात. इंग्रजीवरील प्रभुत्व, 'संवाद कौशल्य' आणि नामांकित महाविद्यालय या निकषांतून सामाजिक पार्श्वभूमीच अप्रत्यक्षपणे तपासली जाते, असे त्यांचे विश्लेषण होते.

स्मिता राधाकृष्णन यांनी २०११ च्या ग्रंथात मुंबई व बंगळूरसह अन्यत्र माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या भारतीय स्त्रियांचा अभ्यास केला. आधुनिक नोकरी आणि 'आदरणीय' स्त्रीत्व यांचा मेळ घालणारी ही स्त्री नव्या भारताचे प्रतीक म्हणून पुढे केली जाते. पण हे प्रतीक एका विशिष्ट वर्गाच्या अनुभवातून घडलेले असते, असे त्या म्हणतात.

मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलींना लिंगभावाबरोबर भाषेचीही अडचण जाणवते. आज्ञावली उत्तम लिहिता येऊनही बैठकीत इंग्रजीतून मत मांडताना संकोच झाल्यास ते श्रेय बोलक्या सहकाऱ्याकडे जाण्याची शक्यता असते. दुसरीकडे याच कार्यालयांत साफसफाई, उपाहारगृह आणि सुरक्षा ही कामे कंत्राटी कामगार करतात. त्यांतील स्त्रिया कंपनीच्या विविधतेच्या आकडेवारीत बहुधा धरल्या जात नाहीत. नोकरदार स्त्रीच्या घरी मुले सांभाळणारी व स्वयंपाक करणारी स्त्रीही या उद्योगाला अप्रत्यक्ष हातभार लावते. अशा कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला.

२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तृतीयपंथी व्यक्तींच्या लिंगओळखीला मान्यता दिली आणि २०१९ च्या कायद्याने नोकरीत त्यांच्याबाबत भेदभाव करण्यास मनाई केली.

## कायदेशीर तरतुदी

* '''समान वेतन:''' समान मोबदला कायदा १९७६ नुसार समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन देणे बंधनकारक झाले. संसदेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या वेतन संहितेत या तरतुदींचा समावेश आहे.
* '''रात्रपाळी:''' कारखाने अधिनियम १९४८ नुसार कारखान्यांत स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास मनाई होती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ नुसार स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी ७ ते रात्री ९.३० अशी आहे. त्यानंतर काम करायचे झाल्यास स्त्री कर्मचाऱ्याची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहनाची व्यवस्था आवश्यक आहे.
* '''लैंगिक छळ:''' सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती अनिवार्य केली.
* '''प्रसूती रजा व पाळणाघर:''' २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सवेतन रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली.

समान वेतनाच्या कायद्याची मर्यादा अशी, की 'समान स्वरूपाचे काम' हे आधी सिद्ध करावे लागते. एकाच प्रकल्पातील दोन व्यक्तींची पदनामे वेगळी असल्यास तुलना अवघड होते. प्रसूती रजेचा संपूर्ण खर्च मालकावर पडत असल्याने लहान कंपन्या तरुण विवाहित स्त्रियांना नेमण्यास कचरतात, अशीही टीका होते.

## शिक्षण

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९९७ मध्ये सांताक्रूझ येथील जुहू संकुलात स्त्रियांसाठी अभियांत्रिकी संस्था सुरू केली. आज ती उषा मित्तल तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून कार्यरत आहे. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागांची तरतूद आहे. पवई येथील संस्थेसह सर्व भारतीय तंत्रज्ञान संस्थांत २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्यात आल्या. मुलींचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेणे हे त्यामागील उद्दिष्ट होते. त्यामुळे मुलांच्या जागा कमी झाल्या नाहीत.

## नेतृत्व

भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगातील एकूण कर्मचाऱ्यांत स्त्रियांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असून तो देशातील अनेक संघटित उद्योगांपेक्षा अधिक आहे. मात्र कनिष्ठ पदांकडून वरिष्ठ पदांकडे जाताना हा वाटा घटत जातो. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या अध्यक्षपदी २०१८ मध्ये देबजानी घोष यांची नेमणूक झाली. या पदावरील त्या पहिल्या स्त्री होत. २०२१ मध्ये रेखा मेनन या संघटनेच्या कार्यकारी परिषदेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. कॅपजेमिनीच्या भारतातील व्यवसायाचे नेतृत्व २०११ पासून काही वर्षे अरुणा जयंती यांच्याकडे होते.

## मतमतांतरे

स्त्रियांचे प्रमाण वाढवण्याच्या उपक्रमांविषयी दोन प्रमुख मते आहेत. पहिल्या मतानुसार भरतीची उद्दिष्टे, सुट्टीनंतर पुनरागमनाच्या योजना आणि मार्गदर्शन कार्यक्रम यांमुळे परिस्थिती हळूहळू सुधारते. दुसऱ्या मतानुसार केवळ संख्या वाढवून भागत नाही; कोणते योगदान मोलाचे धरायचे याचे निकष बदलले नाहीत, तर नव्याने आलेल्या स्त्रियाही दुय्यम ठरवलेल्या कामांतच अडकतात. अशा उपक्रमांमुळे गुणवत्तेशी तडजोड होते, असा आक्षेपही घेतला जातो. त्यावर 'गुणवत्ता' हीच आधीच्या निकषांनी ठरवलेली असते, असे प्रत्युत्तर दिले जाते.

प्रशिक्षण, दस्तऐवजीकरण आणि समन्वय या कामांची मूल्यांकनपत्रकात स्वतंत्र नोंद करणे, अशी कामे सर्व सदस्यांत आळीपाळीने वाटणे, वेतनश्रेणी उघड ठेवणे आणि कंत्राटी कामगारांनाही विविधतेच्या आकडेवारीत सामावून घेणे हे उपाय अभ्यासक व कामगार कार्यकर्ते सुचवतात.